आरक्षणाआधी संगणक
महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण दिले, ही मोठीच गोष्ट. पण कित्येक पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्र लागते आणि बालगृहातल्या मुलीची फी भरायला घरचे कोणी नसते. अठराव्या वर्षी तर संस्थाच सुटते. म्हणून दहावीच्या आधीच संगणक रोज तिच्या हाताशी हवा. कापडाने झाकून ठेवलेला देणगीचा संच कामाचा नाही. मुली यात आधीच मागे आहेत: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, स्त्रिया ३३ टक्केच. इंटरनेटवर मुली फसतील, ही भीती खरी आहे. पण त्या भीतीने संस्थेने घातलेली बंदी अठराव्या वर्षी उठते आणि तेव्हा सावध करणारे कोणी जवळ नसते. फसव्या लिंक, पासवर्ड, तक्रार कुठे करायची, हे बालगृहाच्या अधीक्षिका सोबत असतानाच शिकवावे. प्रमाणपत्राची फी महिला व बालविकास विभागाने भरावी.