छातीवरच्या फिती आणि चेहऱ्यावरचे व्रण

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, सशस्त्र सेना ध्वजदिन आणि प्रजासत्ताक दिन, म्हणजे 17 सप्टेंबर ते 26 जानेवारी, या चार महिन्यांत एक काम हमखास आपल्या टेबलावर येते. घरातल्या फौजी माणसाचा जुना फोटो घेऊन कोणी तरी येते. कधी तो डिस्चार्ज बुकातला शिक्का मारलेला फोटो असतो, कधी पलटणीच्या ग्रुप फोटोतला तिसऱ्या रांगेतला चेहरा, तर कधी काचेला चिकटलेली, कुंकवाचे डाग पडलेली तसबीर. मागणी ठरलेली असते : सोळा बाय वीसचा कॅनव्हास, ऑइल पेंटिंगसारखा, रंगीत, मागे तिरंगा. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा इथल्या ज्या स्टुडिओंची डार्करूम कधीच बंद झाली, त्यांना या कामाने चार पैसे मिळवून दिले आहेत, आणि त्यात गैर काहीच नाही. पण हेच काम आता मोबाइलमधले अ‍ॅप अर्ध्या मिनिटात करून देते. त्यामुळे आपण त्यापेक्षा वेगळे काय देतो, हे आपल्या व्यवसायाने ठरवायची वेळ आली आहे. आमचे म्हणणे असे की सैनिकाच्या पोर्ट्रेटमध्ये चेहरा आणि गणवेश या दोन ठिकाणी फोटोत किंवा कागदपत्रांत आधार नसलेली एक रेघही ओढू नये. उरलेला कॅनव्हास चित्रकाराचा. तिथे त्याने आकाश रंगवावे, डोंगर रंगवावेत, हवे ते करावे.

इतर पोर्ट्रेटला हा नियम एवढा कडक का नको आणि सैनिकाच्याच का हवा, याचे उत्तर गणवेशात आहे. एखाद्या शेतकऱ्याच्या फेट्याला गुलाबीऐवजी केशरी रंग दिला, तर फार तर नातू हसेल. सैनिकाच्या छातीवरची प्रत्येक फीत मात्र एक विधान करत असते : हा माणूस अमुक मोहिमेत होता, याला अमुक सन्मान मिळाला. वीरचक्राची फीत अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी, महावीरचक्राची अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी. अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र या तिघांच्याही फिती हिरव्याच. फरक केशरी रेघांचा, पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. एक रेघ वाढली की सन्मान बदलला. आणि हे रंग करड्या छटांवरून ओळखता येतील, असे समजणे हा आपल्या धंद्यातला सर्वांत महाग पडणारा भ्रम आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तिच्यावर लाल आणि केशरी काळपट उमटत आणि निळा फिकट होई. नंतर आलेल्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हे गणित बरेचसे उलटते. म्हणजे ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेल्या जवानाच्या बर्मा स्टारमधला मधला लाल पट्टा आणि त्याच्या दोन बाजूंच्या केशरी रेघा एका फिल्मवर एकसारख्या काळ्या दिसतील, तर दुसरीवर वेगळ्या ओळखू येतील. कोणती फिल्म होती हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. ते सरासरी काढते, आणि फितींच्या बाबतीत सरासरी म्हणजे हमखास चूक.

परभणीत ही अडचण सातारा-कोल्हापूरपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. सैनिकी परंपरा म्हटली की अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांची नावे आधी निघतात. तिकडच्या फोटोंत बहुधा ब्रिटिश हिंदी सेना आणि नंतरचे भारतीय लष्कर एवढेच असते. आपला जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. हे सैन्य निजामाच्या पैशाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चाले आणि 1903 मध्ये ते हिंदी सेनेत सामील झाले. त्याशिवाय निजामाची स्वतःची फौज होती, ती वेगळी. म्हणजे इथल्या माळ्यावरच्या पेटीतून निघालेल्या 1948 पूर्वीच्या फोटोतला माणूस कंटिंजंटचा असू शकतो, ब्रिटिशांच्या पलटणीतला असू शकतो किंवा निजामाच्या फौजेतला. टोपीवरचे चिन्ह, खांद्यावरची अक्षरे, पट्ट्याचे बक्कल यांतून ते कळते, आणि आपली सॉफ्टवेअरे नेमके तेच पुसट भाग 'दुरुस्त' करून त्यांच्या जागी आजचे चिन्ह बसवतात. 1950 पर्यंत अधिकाऱ्यांच्या हुद्द्यात मुकुट होता, त्याची जागा नंतर सिंहमुद्रेने घेतली. 1965 पर्यंत ज्याला जमादार म्हणत, तो पुढे नायब सुभेदार झाला. ठिपक्यांच्या नव्या डिझाइनचा लढाऊ गणवेश 15 जानेवारी 2022 च्या सेनादिनी पहिल्यांदा दिसला. 1965 च्या जवानाला तो चढवलेला पाहिला, की ज्याला कळते तो त्या घरातल्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही.

निजामाच्या फौजेबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. मुक्तिसंग्रामानंतर अनेक घरांना ही आठवण अडचणीची वाटली असणार, हे समजण्यासारखे आहे. 'चिन्ह तेवढे बदला, आपल्या लष्कराचे करा' असे कोणी दबक्या आवाजात सांगितले, तर कामगाराला ते दोन क्लिकचे काम वाटेल. पण त्यातून एका माणसाची नोकरी पुसली जाते आणि दुसरीच त्याच्या नावावर चढते. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर यांनी तरुणपणी हैदराबाद संस्थानाच्याच फौजेचा गणवेश घातला होता. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्समध्ये आले आणि 1965 च्या युद्धात रणगाड्यांच्या लढाईत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पहिल्या गणवेशाने दुसऱ्याचा मान कमी झाला नाही. गिऱ्हाइकाला हे सांगता येते, आणि सांगितले तर बहुतेकांना पटतेही.

आता चेहऱ्याकडे वळू, कारण खरी मोडतोड तिथे होते. ग्रुप फोटोत एका चेहऱ्याची रुंदी साधारण तीन मिलिमीटर असते. 600 डीपीआयवर स्कॅन केले तर तेवढ्या जागेत सत्तरेक पिक्सेल आडवे मिळतात. सोळा बाय वीसच्या कॅनव्हासवर तोच चेहरा साडेसहा इंच रुंद छापायचा, तोही 150 डीपीआयने, तर जवळपास हजार पिक्सेल लागतात. आडवे चौदापट, उभे चौदापट. म्हणजे फोटोतून आलेल्या एका बिंदूमागे सुमारे एकशेनव्वद बिंदू यंत्राने स्वतःच्या मनाने भरलेले. ते कुठून आणते? ज्या लाखो चेहऱ्यांवर ते शिकले त्यांतून. जून 2020 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' या प्रणालीला बराक ओबामांचा पिक्सेल केलेला फोटो दिला गेला, तेव्हा बाहेर आला तो एक गोरा माणूस. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एकाची ही गत, तर पाथरी तालुक्यातल्या शिपायाचे काय होणार? त्याचा रंग दोन छटा उजळतो, नाक सरळ होते, जबडा चौकोनी होतो, ओठ पातळ होतात. घरच्यांना 'काका किती रुबाबदार दिसतायत' असे वाटते, आणि रुबाबदार तो असतोच. फक्त तो काका नसतो.

यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला. त्याआधी जन्मलेल्या पिढ्यांत देवीचे व्रण असलेले चेहरे सर्रास असत, आणि भरतीच्या कागदांत 'ओळखीच्या खुणा' म्हणून असे व्रण, तीळ, जखमांचे वण नोंदवले जात. स्कॅनमध्ये हे व्रण बारीक काळपट ठिपक्यांसारखे दिसतात, बुरशीचे डाग आणि कागदावरच्या धुळीसारखेच. 'नॉइज रिडक्शन'चा स्लायडर डावीकडून उजवीकडे सरकवला की तिन्ही एकदम जातात. धूळ जायलाच हवी होती. पण व्रण गेले म्हणजे लष्कराने ज्या खुणेने त्या माणसाला ओळखले होते, तीच गेली. दोन्हींत फरक करायचा एक साधा मार्ग आहे. फोटो तिरप्या उजेडात धरावा. बुरशी आणि धूळ कागदाच्या पृष्ठभागावर असते, ती उठून दिसते. व्रण प्रतिमेत असतो, तो प्रकाशाच्या दिशेने बदलत नाही. हे काम हाताने, मोठे करून, डाग-डाग पाहूनच करावे लागते. कोणत्याही अ‍ॅपला ते येत नाही, कारण अ‍ॅपच्या हातात मूळ फोटो नसतो. तो आपल्या हातात असतो.

याला पहिला आक्षेप जुन्या हातांकडून येईल, आणि तो वजनदार आहे. निगेटिव्हवर शिशाच्या पेन्सिलीने रिटचिंग आपल्या आजोबांच्या पिढीनेही केले, सुरकुत्या घालवल्या, गाल भरले. ब्रोमाइड प्रिंटवर फोटो कलरने साड्या, दागिने, फेटे रंगवले. मग आत्ताच सोवळे कशाला? उत्तर असे, की रंगवलेला ब्रोमाइड पाहणाऱ्याला तो रंगवलेला आहे हे दिसत असे. ओठांवरचा गुलाबी जरा बाहेर सरकलेला असे, दागिन्यांवर सोनेरी ठिपके असत. हात कुणाचा आणि कॅमेरा कुणाचा हे कळायचे. आजचे काम स्वतःला लपवते. ते कॅनव्हासवर ब्रशचे फटकारे दाखवते, पण चेहऱ्यापुरता तो खराखुरा फोटोच वाटतो, आणि वीस वर्षांनी मूळ प्रिंट हरवल्यावर तोच पुरावा ठरतो. 2021 मध्ये आयर्लंडमधल्या एका कलाकाराने कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो रंगीत केले. एका मोठ्या माध्यमाने ते छापल्यावर लक्षात आले की काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेले हसू होते. कंबोडिया सरकारने निषेध केला आणि छायाचित्रे मागे घ्यावी लागली. उलट 2018 मध्ये पीटर जॅक्सन यांनी पहिल्या महायुद्धाची मूळ चित्रफीत रंगीत केली तेव्हा गणवेशांच्या रंगांसाठी खरे गणवेश संदर्भाला ठेवले, आणि मूक फितीत माणसे काय बोलत आहेत हे ओठांवरून वाचणारे जाणकार बसवले. रंग दोघांनीही भरले. एकाने आधार शोधला, दुसऱ्याने अंदाज बांधला.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. गिऱ्हाईक पैसे देते, त्याला गोरा चेहरा आणि दोन पदके जास्त हवी असतील तर आपण कोण नाही म्हणणारे? आणि जिंतूरच्या एकट्या माणसाच्या स्टुडिओने एका कॅनव्हासच्या मजुरीत इतिहास संशोधन करायचे का? रंगाच्या मागणीबद्दल आमचे मत कठोर आहे : देऊ नये. गिऱ्हाइकाला त्याच्या हयात भावाचा किंवा मुलाचा फोटो मागावा आणि कातडीची छटा त्याच्यावरून घ्यावी. भांडणच उरत नाही. पदकांबाबत तर मागणी कितीही गोड शब्दांत आली तरी कागद पाहिल्याशिवाय फीत रंगवू नये. संशोधनाचा बाऊ मात्र वाजवीपेक्षा जास्त केला जातो. बहुतेक घरांत डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचे कागद असतात. त्यांत नंबर, हुद्दा, पलटण, मिळालेली पदके सगळे असते. पलटण कळली की रेकॉर्ड ऑफिस कळते : मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. पत्र कुटुंबाने लिहायचे असते, आपण फक्त कुठे लिहायचे ते सांगायचे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय परभणीतच आहे. दोन्ही महायुद्धांत पडलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी घरबसल्या पाहता येते, आणि तिच्यात कित्येकदा वडिलांचे नाव आणि गावही सापडते. एवढे करूनही फीत ओळखू आली नाही, तर ती करडीच ठेवावी. रंगीत पोर्ट्रेटमध्ये एक करडा पट्टा वाईट दिसेल अशी भीती अनेकांना वाटते. पण तो पट्टा पाहून घरातले कोणी तरी विचारेल की हे असे का, आणि कागद शोधायला लागेल. चुकीचा चकचकीत पट्टा कोणालाच काही विचारायला लावत नाही.

या सगळ्याचा खर्च कामाच्या दरात धरावा, हे उघड आहे. दोन दर लावावेत : नुसती सजावट हवी असेल त्याचा एक, कागद तपासून केलेल्या पोर्ट्रेटचा दुसरा, आणि फरक काय ते बिलावर लिहावे. मूळ फोटोचे स्कॅन, काहीही न बदललेले, टिफमध्ये, सोळा बिटचे, प्रत्येक गिऱ्हाइकाला पोर्ट्रेटसोबत द्यावे. काचेला चिकटलेला प्रिंट ओढून काढू नये. काचेतूनच पोलरायझर लावून फोटो घ्यावा. आणि फ्रेमच्या पाठीमागे एक कागद चिकटवावा, ज्यावर मूळ फोटो कुठला, किती सालचा, रंग कशाच्या आधारे दिले आणि काय अंदाजाने भरले ते सरळ मराठीत असेल. हा कागद कोणी वाचणार नाही असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तसबिरीच्या मागे लिहिलेली तारीख हीच आज आपल्याकडे येणाऱ्या अनेक फोटोंची एकमेव ओळख असते.

एक प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर आमच्या नियमाला अडचणीत टाकते. ज्याचा एकही फोटो नाही अशा सैनिकाचे काय? पहिल्या महायुद्धातला शिपाई, घरात फक्त एक पदक आणि नाव. कुटुंब भावाचा फोटो आणते, नातवाचा चेहरा दाखवते आणि म्हणते की याच्यासारखाच दिसायचा, करून द्या. काही सहकारी असे काम करतात आणि मनापासून करतात. आमच्या मते ते करावे, पण चेहरा न दाखवता : पाठमोरा उभा, योग्य सालचा गणवेश, योग्य पदक, खाली नाव, नंबर, गाव. हे ऐकून काही कुटुंबे काम दुसरीकडे नेतील, आणि नेऊ द्यावे. पदकाच्या कडेवर बहुधा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. लेन्स लावून ती वाचून दिली, तरी त्या घराला आधी नसलेली माहिती मिळते, आणि तेवढ्या कामाचे पैसे घ्यायला कोणाची हरकत नसते.