पहिली भिंत समाजाने द्यावी!

एखाद्या तरुण छायाचित्रकाराचे पहिले प्रदर्शन कोणाच्या भिंतीवर लागते, हा प्रश्न फक्त कलावंतांचा आहे असे आमच्या अनेक कार्यकर्त्यांना वाटते. मोर्चे, अत्याचाराचे खटले, शिष्यवृत्ती, नोकऱ्यांचा अनुशेष यांच्यापुढे फोटोंचे प्रदर्शन म्हणजे चैन, असा समज रूढ आहे. हा समज चळवळीला महागात पडणारा आहे. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय छायाचित्रकाराच्या उमेदीच्या काळातील प्रदर्शनाचा इतिहास पाहिला, तर हे कोणालाही पटेल.

गॉर्डन पार्क्स यांचा जन्म १९१२ साली कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट या गावी झाला. पंधरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. शाळा वर्णभेदाची, काळ्या मुलांसाठी वेगळी. पुढे रेल्वेच्या भोजनडब्यात वेटर म्हणून राबताना प्रवाशाने टाकून दिलेल्या एका मासिकात त्यांना देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांची छायाचित्रे दिसली. त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला आणि स्वतःच शिकायला सुरुवात केली. शिकागोला आल्यावर ते शहराच्या दक्षिण भागातील आपल्याच लोकांचे जगणे टिपू लागले. १९४१ साली तिथल्या ‘साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर’ने त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. याच कामाच्या बळावर त्यांना रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार होत.

शिष्यवृत्तीवर ते १९४२ साली वॉशिंग्टनच्या सरकारी छायाचित्र विभागात दाखल झाले. देशाच्या राजधानीत त्यांना उपाहारगृहाने, दुकानाने आणि चित्रपटगृहाने काळे म्हणून नाकारले. त्याला त्यांनी कॅमेऱ्याने उत्तर दिले. त्याच सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंना त्यांनी राष्ट्रध्वजासमोर उभे केले. हातात झाडू, बाजूला फरशी पुसण्याचा मॉप, मागे अमेरिकेचा झेंडा. समतेच्या गप्पा मारणाऱ्या राष्ट्राचे ढोंग एका चित्राने उघडे पाडले. ‘अमेरिकन गॉथिक’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. १९४८ साली पार्क्स ‘लाइफ’ या बड्या मासिकाचे पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार झाले.

पण आमच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढेच आहे. ती शिकागोची भिंत आली कुठून? कोण्या धनिकाने दान म्हणून दिली नव्हती. सरकारच्या कलायोजनेतून मदत मिळणार होती, मात्र इमारतीसाठी पैसा वस्तीने उभा करायचा होता. तेव्हा विशीत असलेल्या मार्गारेट बरोज आणि त्यांचे सहकारी डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहिले. डाइम म्हणजे डॉलरचा दहावा हिस्सा. अशा नाण्यांची एक मैल लांब रांग होईल एवढा निधी जमवायचा, अशी ती मोहीम होती. गोरगरिबांच्या चिल्लरीने भिंत मिळाली, तळघरात डार्करूम मिळाली. ते केंद्र आजही उभे आहे.

हा धडा आम्हाला परका नाही. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. बाबासाहेब ‘केसरी’च्या दाराशी ताटकळत बसले नाहीत. त्यांनी स्वतःची वृत्तपत्रे चालवली. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. त्यांनी दुसऱ्याची वाट पाहिली असती, तर आज आमच्या पिढ्यांना काय दिसले असते?

आज प्रस्थापितांच्या कलादालनात आमची माणसे दिसतात ती बहुधा दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातून, आणि तीही रडताना. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे टिपणारे सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यांच्या मागून येणाऱ्या पोरांचे काय? वस्तीवस्तीत आज कॅमेरा आहे. गटारात उतरणारा बाप, काळा कोट चढवलेली पहिली मुलगी, विहारात अभ्यास करणारी पोरे, चैत्यभूमीवरची रांग, हे सारे टिपणारे डोळे आमच्यात आहेत. दालनाचे भाडे, छपाई आणि फ्रेमचा खर्च यापुढे त्यांची वाट अडते.

म्हणून आमच्या संघटनांना आमचे सांगणे आहे. गावोगावची आंबेडकर भवने आणि विहारांची सभागृहे रविवारची वंदना झाली की आठवडाभर रिकामी असतात. वर्षातून एक महिना तिथली भिंत एका तरुणाला किंवा तरुणीला द्या. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचा खर्च वाचवला, तर एका प्रदर्शनाची छपाई सहज निघेल. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक मंडप छायाचित्रांचा असू द्या.

आणि कायद्याची एक गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार छायाचित्राचा पहिला मालक सामान्यतः छायाचित्रकारच असतो. मात्र मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेले छायाचित्र, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याच्या मालकीचे होते. तेव्हा तरुणांनी करार लेखीच करावा. संघटनांनीही भिंत दिली म्हणून चित्रांवर हक्क सांगू नये.

येत्या जयंतीची वर्गणी काढताना प्रत्येक मंडळाने पावतीपुस्तकात प्रदर्शनासाठी एक रकाना ठेवावा. शिकागोच्या गरिबांनी नाण्या-नाण्यांनी जे केले, ते आमच्या समाजाला अवघड नाही.