आधी बँडचा इतिहास, मग बँड

बँड कसा सुरू होतो याचं आपल्या डोक्यातलं चित्र ठरलेलं असतं. कॉलेज, चार मित्र, कुणाच्या तरी काकांची रिकामी खोली आणि वैतागलेले शेजारी. आमचाही अगदी असाच सुरू झाला होता (त्याबद्दल पुढे सांगतो). पण पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लंडमधला प्रोग्रेसिव्ह रॉक बँड मात्र चक्क एका थापेतून जन्मला.

साल १९८७. लंडनजवळच्या हेमेल हेम्पस्टेडमध्ये राहणारा जेमतेम विशीतला स्टीव्हन विल्सन आणि त्याचा मित्र माल्कम स्टॉक्स यांनी गंमत म्हणून सत्तरच्या दशकातला एक 'विस्मृतीत गेलेला' बँड रचला. मेंबर कोण, ते कुठल्या रॉक फेस्टिव्हलला भेटले, तुरुंगाच्या वाऱ्या कशा झाल्या, सगळं मनानं बनवलेलं. एकाचं नाव तर सर टार्क्विन अंडरस्पून! मग या थापेला पुरावा हवा म्हणून विल्सननं घरी बसून, बरंचसं एकट्यानंच वाजवून, कॅसेट रेकॉर्ड केली. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन आधी तयार आणि कोड नंतर. आमच्या ऑफिसात हा क्रम मी अजून तरी पाहिलेला नाही.

घरी रेकॉर्डिंग कसं जमलं? विल्सनचे वडील इलेक्ट्रॉनिक इंजिनिअर. पोराची आवड बघून त्यांनी त्याला मल्टिट्रॅक टेप मशीन बनवून दिलं होतं. 'आधी बारावीचं बघ' वगैरे काही नाही. असो.

महत्त्वाचं म्हणजे हा त्याचा मुख्य उद्योग नव्हताच. टिम बोनेसबरोबरचा नो-मॅन हा त्याचा 'खरा' बँड होता, पॉर्क्युपाइन ट्री हा वीकेंडचा साइड प्रोजेक्ट. पण कॅसेट एका मासिकवाल्या रिचर्ड अ‍ॅलनपर्यंत पोचल्या. त्यानं डेलेरियम नावाचं लेबल काढलं आणि १९९२ मध्ये या कॅसेटमधल्या निवडक गाण्यांचा अल्बम आणला. त्याच वर्षी 'व्हॉयेज ३४' आलं. अर्ध्या तासाचं एक गाणं, आणि ते सिंगल म्हणून! लोकांना आवडायला लागलं आणि पंचाईत झाली. लोक लाइव्ह ऐकायला मागणार, आणि स्टेजवर उभं राहायला माणसंच नाहीत.

म्हणून १९९३ च्या डिसेंबरमध्ये, थापेनंतर सहा वर्षांनी, खरा बँड जमला. बासवर कॉलिन एडविन, ड्रम्सवर ख्रिस मेटलंड आणि कीबोर्डवर रिचर्ड बार्बिएरी, जो आधी जपान नावाच्या बँडमधून चांगला गाजलेला होता.

इथून पुढची गोष्ट मला जास्त आवडते. विल्सन म्हणजे एकटा जीनियस, बाकीचे हाताखालचे, असं सांगायची पद्धत आहे. मला ते अजिबात पटत नाही. एकट्याच्या काळातलं संगीत छान आहे, पण त्यावर पिंक फ्लॉइडची सावली फार आहे. १९९६ चं 'सिग्निफाय' ऐका. चौघं एकत्र वाजवतायत हे कळतं, आणि सावली हलते. २००२ मध्ये मेटलंडच्या जागी गॅव्हिन हॅरिसन आला, त्याच वर्षी 'इन अब्सेन्शिया' मोठ्या अमेरिकन लेबलवर निघालं. त्या अल्बममधून हॅरिसनचे ड्रम्स काढून टाकले तर काय उरेल? मी तरी ऐकणार नाही.

२००७ चं 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' मी हॉस्टेलवर रात्री दोन वाजता पहिल्यांदा ऐकलं. स्क्रीनसमोर बसून बधिर झालेल्या पोरांवरचा अल्बम, आणि मी स्क्रीनसमोर बसलेलो. २००९ च्या डिसेंबरमध्ये हे लोक आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजवून गेले. मी तेव्हा शाळेत होतो, त्यामुळे हळहळण्याचाही हक्क नाही.

२०१० नंतर बँड थांबला. २०२२ मध्ये 'क्लोजर/कंटिन्युएशन' घेऊन परत आला, पण तिघांचाच. विल्सन हॅरिसनकडे जाऊन जॅम करायचा तेव्हा त्यानं गिटारऐवजी बास हातात घेतला होता. गाणी त्यातूनच झाली, बासचं काम झालेलं होतं, आणि एडविनला जागाच उरली नाही. सतरा वर्षं वाजवलेला माणूस! विल्सनचा बास वाईट नाही, खरं तर भन्नाट आहे, आणि हेच मला जास्त खुपतं. बँड एकट्यानं सुरू केला म्हणून तो कायम एकट्याचाच राहतो का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. निदान परवापर्यंत होतं.

आता आमच्याबद्दल. प्लेसमेंट झाली आणि आमचा बासिस्ट बंगलोरला गेला, ड्रमर टोरांटोला. 'चौघं पुण्यात भेटलो की रेकॉर्ड करू' हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहा वर्षं चाललंय. गेल्या महिन्यात कंटाळून मी आमचं जुनं गाणं लॅपटॉपवर एकट्यानंच केलं. ड्रम्स सॉफ्टवेअरचे, बास उसना आणून मीच वाजवला. कॉलेजात आमच्या बासिस्टला ती लाइन बसवायला तीन आठवडे लागले होते. माझी दोन रविवारांत झाली, आणि राव, बरी झालीये.

फाइल तयार आहे. ग्रुपवर अजून टाकलेली नाही. काल त्याचाच मेसेज आला, दिवाळीत पुण्यात येतोय, बास घेऊन येऊ का म्हणून.