वाणाचा नकाशा आणि वऱ्हाडचे शेत

पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली म्हणजे वऱ्हाडातील एकाच गावात, एकाच बियाण्याची पऱ्हाटी दोन शेतांत दोन रूपे दाखविते. भारी काळ्या जमिनीतील झाड तग धरते. मुरमाड, उथळ जमिनीतील झाड पाते गाळून मोकळे होते. शेजारच्या तासांतील दुसरा वाण त्याच जमिनीत अधिक टिकलेला दिसला, तर शेतकऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो की, अवर्षण सोसण्याचा हा गुण बियाण्यात नेमका कोठे असतो? आणि तो हव्या त्या वाणात का आणता येऊ नये?

या प्रश्नाचा विचार करताना एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. काही गुण एकाच जनुकावर अवलंबून असतात. वाटाण्याच्या फुलाचा रंग हा असा गुण असून, त्याचे नियम मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. उलटपक्षी उत्पन्न, धाग्याची लांबी, अवर्षण किंवा खारी जमीन सोसण्याची शक्ती हे गुण अनेक जनुकांच्या लहान लहान वाट्यांनी घडतात, आणि जमीन व हवामान त्यांत आपली भर घालतात. यांना बहुजनुकीय गुण म्हणतात.

पहिल्या प्रकारच्या यशाचे आणि मर्यादेचे उदाहरण वऱ्हाडास परिचित आहे. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. जिवाणूतील एक जनुक, व २००६ पासून दोन जनुके, झाडात घालून बोंडअळीला आळा घातला गेला. परंतु गुलाबी बोंडअळीने कालांतराने या विषालाही दाद दिली नाही, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान झाले. कीटकनाशक जनुकाची ही कथा असेल, तर अवर्षण सोसण्याचे ‘एक जनुक’ सापडेल आणि चिंता मिटेल, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

झाडाच्या आत काय घडते हे पाहिले म्हणजे या शंकेचे उत्तर मिळते. तेल केवळ सरकीत किंवा जवसातच असते असे नव्हे; झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा अतिशय पातळ पडदा असतो. हा पडदा पेशीचे कुंपण तर आहेच, शिवाय तो निरोप्याचेही काम करतो. अळीने पान कुरतडताच पानाच्या हरितकणांच्या पडद्यातून लिनोलेनिक आम्ल सुटे होते. जवसाच्या तेलात विपुल असलेले हेच आम्ल. त्यापासून झाड जास्मोनिक आम्ल तयार करते आणि त्याच्या संकेताने संरक्षक द्रव्ये निर्माण होऊ लागतात. पाणी कमी पडले म्हणजे पडद्यातीलच दुसऱ्या स्निग्ध द्रव्यापासून फॉस्फॅटिडिक आम्ल बनते व ते पानांची रंध्रे मिटण्यास साहाय्य करते. निरोप तयार करणारी, पोहोचविणारी, ऐकणारी व थांबविणारी जनुके वेगवेगळी असतात. शिवाय रंध्रे मिटली की पाणी वाचते, परंतु हवेतील कर्बवायू आत येणे घटते व अन्ननिर्मिती मंदावते. म्हणून कोरड्या वर्षी तारणारा गुण चांगल्या पावसाच्या वर्षी उत्पन्न घटवूही शकतो.

अशा गुणांचा माग काढण्यासाठी जनुकांचा नकाशा करतात. मोजणीदार हद्दीच्या दगडांवरून शेताचा गट शोधतो, त्याचप्रमाणे शास्त्रज्ञ गुणसूत्रांवरील ज्ञात खुणांच्या आधारे गुणाचे स्थान शोधतात. कार्ल सॅक्स याने १९२३ मध्ये घेवड्याच्या संकरात बियांच्या रंगाचा एक घटक आणि बियांचे वजन यांचा संबंध दाखविला. या विद्येचा तो आरंभ होय. आज दोन भिन्न वाणांचा संकर करून पुढील पिढ्यांतील शेकडो झाडांच्या खुणा तपासतात, प्रत्येक झाडाचा गुण शेतात मोजतात, आणि कोणत्या खुणेसोबत कोणता गुण चालतो ते गणिताने ठरवितात.

यातील खुणांचे वाचन आता यंत्रे झपाट्याने करतात. सोयाबीनच्या वीस गुणसूत्र-जोड्यांचे वाचन २०१० मध्ये, तर अमेरिकन कपाशीच्या सव्वीस जोड्यांचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्मीळ राहिले आहे ते शेतातील प्रामाणिक मोजमाप. इस्रायलमध्ये कपाशीवर झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशाकार्यात, भरपूर पाण्यावर व अपुऱ्या पाण्यावर गुणसूत्रांचे सर्व खंड सारखेच उपयोगी पडत नाहीत, असे दिसून आले. यावरून बोध असा की, बागायती प्रक्षेत्रावर केलेला नकाशा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यास किंवा मेळघाटाच्या पायथ्याच्या हलक्या जमिनीस जसाच्या तसा लागू पडेल असे मानता येणार नाही.

काहींचे म्हणणे असे की, ही विद्या प्रयोगशाळेची असून शेतकऱ्याने तयार बियाणे घ्यावे, एवढेच त्याचे काम. हे मत स्वीकारण्याजोगे नाही. अकोल्यास १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या प्रयोगांना वऱ्हाडातील कोरडवाहू शेतांची जोड जितकी अधिक मिळेल, तितका नकाशा खरा उतरेल. अशा चाचण्यांस शेतकऱ्याच्या बांधावर हक्काची जागा मिळाली पाहिजे, आणि चाचणी फसली तर त्याची झीज भरून देण्याची तजवीजही आधीच झाली पाहिजे.

तोवर गावपातळीवरील कार्यकर्त्यास करता येण्याजोगे काम थोडे नाही. नव्या वाणाशेजारी नेहमीच्या वाणाची काही तासे त्याच दिवशी, त्याच जमिनीत पेरवावीत. पेरणीची तारीख, मातीची खोली, पावसाचे खंड, गळलेली पाती, धरलेली बोंडे आणि वेचणीचे वजन यांची दोन्ही वाणांसाठी सारखीच नोंद ठेवावी. एका वर्षाच्या नोंदीवर निर्णय न देता निदान तीन हंगाम पाहावेत. ‘अवर्षण सोसणारे’ म्हणून कोणी महाग बियाणे पुढे केले, तर हे कोणत्या जमिनीत, किती वर्षे व कशाशी तुलना करून पाहिले, एवढे तीन प्रश्न शेतकरी बंधूंनी अवश्य विचारावेत. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सर्व शेतात ते पेरू नये. कर्ज काढून घेतलेल्या बियाण्याची परीक्षा आधी चार तासांत व्हावी, सबंध शेतात नव्हे, यातच शहाणपण आहे.