मूलपेशींची पावती

ऊस कारखान्याच्या काट्यावर गेला की शेतकरी पावती मागतो. काट्यावर त्याचा पुरता विश्वास नसतो, म्हणून तर अधिकच आग्रहाने मागतो. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावात हा व्यवहार कोणाला शिकवावा लागत नाही. परंतु हृदयविकाराचा झटका आलेल्या वडिलांना घेऊन तोच शेतकरी शहरात गेला आणि मूलपेशी टोचल्या की निकामी झालेले हृदय भरून निघते, असे त्याला सांगण्यात आले, तर त्या पेशी शरीरात गेल्या कोठे, हे तो विचारील काय?

संशोधकांनी ते विचारले आहे. जर्मनीतील हॅनोव्हर येथे काही रुग्णांच्या अस्थिमज्जेतील पेशींना किरणोत्सारी शर्करेची खूण करून त्या हृदयाच्या रोहिणीत सोडण्यात आल्या. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तास-सव्वा तासाने हृदयात सापडल्या त्या अवघ्या 1.3 ते 2.6 टक्के, उरलेल्या प्रामुख्याने यकृतात व प्लीहेत. वेचून घेतलेल्या विशिष्ट पेशी अधिक प्रमाणात टिकल्या, हेही खरे. एमआरआयसाठी पेशींत लोहकण भरतात. पण पेशी मेली तरी लोह उरते, भक्षक पेशी ते गिळतात आणि प्रतिमेत खूण तशीच दिसत राहते. म्हणजे पावतीही खोटी निघू शकते!

असा पडताळा किती मोलाचा, हे अमेरिकेतील पिएरो अन्व्हर्सा प्रकरणाने दाखविले. मज्जेतील पेशींपासून उंदरांत नवे हृदयस्नायू घडतात, असा दावा त्यांच्या गटाने 2001 मध्ये केला. 2004 मध्ये इतर प्रयोगशाळांनी जनुकीय खुणा करून पाहिले, तेव्हा तसे स्नायू आढळले नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळेचे 31 निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्ड व संलग्न रुग्णालयाने केली ती मात्र 2018 मध्ये. दरम्यान शेकडो रुग्णांवर चाचण्या होऊन गेल्या होत्या.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांखेरीज मूलपेशींचा वापर हा केवळ संशोधनाचा विषय आहे. त्याचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. विकणाऱ्याला सारे ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशा बाजारात भावाला अर्थ उरत नाही. येथे तर घेणारा प्राणभयाने आलेला असतो. तेव्हा शेत गहाण टाकण्यापूर्वी नातेवाइकांनी चाचणीचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक मागावा. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. आणि क्रमांक दाखवूनही कोणी उपचाराचे पैसे मागत असेल, तर ते कोणत्या नियमाने, हे लेखी मागावे.