आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

तळ्याचे पाणी हिरवे पडले, त्यावर तवंग धरला आणि दुर्गंधी सुटली, की प्रशासनाला मूळ दुखण्यापेक्षा झटपट उताऱ्याची ओढ लागते. असा एक उतारा अलीकडे जगभर विकला जात आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या यंत्रातून, सेकंदाला 20,000 हून अधिक कंपने असलेला श्राव्यातीत ध्वनी सोडायचा आणि नील-हरित शैवालाचा बंदोबस्त करायचा, असा हा उपाय आहे. रसायन नको, गाळ काढणे नको आणि मुख्य म्हणजे कोणाला दुखवणेही नको! सत्ताधाऱ्यांना हा उपाय प्रिय वाटावा, यात नवल ते काय?

प्रश्न किरकोळ नाही. या शैवालाच्या काही जाती यकृतावर आघात करणारे विष निर्माण करतात. 1996 साली ब्राझीलमधील कारुआरू गावी अशा पाण्यावर चालवलेल्या रक्तशुद्धीकरण केंद्रात मूत्रपिंडाचे पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतील टोलीडो शहराच्या चार लाखांवर लोकांना ईरी सरोवराचे पाणी पिऊ नका, असे बजावावे लागले. ते उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही.

ध्वनीच्या उपायामागे शास्त्र आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. या शैवालाच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात व त्यांच्या बळावर ते उजेडाकडे तरंगत राहते. प्रबळ ध्वनीने या पोकळ्या फुटतात आणि शैवाल तळाशी जाते. पण प्रयोगशाळेतील भांडे वेगळे आणि मैलोगणती पसरलेले सरोवर वेगळे. ध्वनी सौम्य ठेवला तर परिणाम शंकास्पद, आणि पेशी फुटतील इतका तीव्र केला तर त्यांतील विष पाण्यात मोकळे होण्याचा धोका. नेदरलंड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारात मिळणारी यंत्रे तपासली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत शैवालावर उल्लेखनीय परिणाम दिसला नाही. उलट शैवाल खाऊन पाणी निवळ ठेवणारे डॅफ्निया हे सूक्ष्म जलचर मात्र मेले. काही जलाशयांत गुण आल्याचे दावे केले जातात. तथापि, ते खरे धरले तरी मूळ प्रश्न तसाच उरतो. ध्वनीने पाण्यातला फॉस्फरसचा एक कणही कमी होत नाही.

आणि रोगाचे मूळ तर फॉस्फरसच आहे. 1973 साली कॅनडातील एका तळ्याचे पडद्याने दोन भाग करून डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिले. दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन घातले, एकात मात्र फॉस्फरसही घातला. तोच भाग शैवालाने हिरवागार झाला. हा फॉस्फरस आकाशातून पडत नाही. शहरांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी, शेतांतून वाहून येणारी खते आणि पशुपालनाच्या अवाढव्य उद्योगाचे मलमूत्र हे त्याचे उगम आहेत.

उत्तर आयर्लंडमधील लॉक नेय सरोवराची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. त्या प्रदेशाचे सुमारे 40 टक्के पिण्याचे पाणी या सरोवरातून येते. 2023 च्या उन्हाळ्यात ते शैवालाने भरून गेले. त्याच्या दहा वर्षे आधी, 2013 मध्ये, कृषी-अन्न उद्योगाच्या झपाट्याने वाढीचे धोरण तेथे पुढे आले होते. सरोवराचा तळ तर शाफ्ट्सबरीच्या उमराव घराण्याच्या मालकीचा! म्हणजे तळाची मालकी उमरावाची, निर्यातीचा नफा मांस-दुधाच्या कारखानदारांचा आणि हिरवे पाणी मात्र जनतेचे. अशा व्यवस्थेत ध्वनियंत्र सोडणे म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

याउलट, सिॲटलच्या नागरिकांनी 1958 साली मतदान करून सांडपाण्यासाठी सार्वजनिक यंत्रणा उभारली. 1963 ते 1968 या काळात वॉशिंग्टन सरोवरात जाणारे सांडपाणी वळवण्यात आले आणि काही वर्षांतच ते सरोवर निवळले. तेथे जादूचे यंत्र नव्हते. होता तो लोकांचा निर्धार आणि त्यासाठी खर्च केलेला सार्वजनिक पैसा.

कोल्हापूरच्या रंकाळ्यात मिसळणाऱ्या नाल्यांचा आणि हिरव्या पाण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी विज्ञानाला विरोध करायचा नाही, विज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या पळवाटेला करायचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या लहान साठ्यावर, निःपक्ष तपासणीनंतर, तात्पुरता उपाय म्हणून यंत्र वापरायला हरकत नसावी. परंतु नगरपालिकेच्या सभेत अशी खरेदी येईल तेव्हा विचारले पाहिजे: तळ्यात किती नाले येतात? ते कधी बंद होणार? यंत्राची परीक्षा विक्रेत्याखेरीज कोणी केली? खताच्या गोणीसाठी कर्ज काढणाऱ्या लहान शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करूनही चालणार नाही. त्याला माती-परीक्षण आणि योग्य सल्ला पुरवणे ही सरकारची जबाबदारी आहे. मोठ्या उद्योगांकडून मात्र प्रदूषणाची किंमत वसूल झालीच पाहिजे.

तळे ही सर्वांची ठेव आहे. ती नासवणाऱ्याने नफा घ्यायचा आणि ती निवळण्याचा खर्च करदात्याने सोसायचा, हा व्यवहार मोडल्याखेरीज कोणताही ध्वनी पाणी शुद्ध करू शकणार नाही. त्यासाठी जो आवाज उठायला हवा तो जनतेचा, आणि तो सत्तेच्या कानांना स्पष्ट ऐकू जाईल इतका मोठा हवा.