सूर्याची वीज आणि भाताची जमीन

दगडी कोळसा व खनिज तेल हीं द्रव्यें पृथ्वीच्या पोटांत कोट्यवधि वर्षांत सांठलीं, आणि मनुष्य तीं दोन-तीन शतकांत जाळून संपविण्याच्या मार्गास लागला आहे. त्यांच्या धुरानें हवामान बिघडतें हेंही शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे. तेव्हां सूर्य, वारा, वाहतें पाणी व शेण यांसारख्या न संपणाऱ्या साधनांपासून शक्ति मिळविली पाहिजे, याविषयीं आतां दुमत राहिलेलें नाहीं. प्रश्न आहे तो हा कीं, ही शक्ति कोणाच्या जागेवर निर्माण व्हावयाची आणि तिचें उत्पन्न कोणाच्या पदरांत पडावयाचें.

आपल्या भिवंडी तालुक्यापुरता विचार करूं. वाऱ्यावर वीज करण्यास साताऱ्याकडील वनकुसवड्याच्या पठारासारखी उंच, उघडी जागा लागते. ती येथें नाहीं. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्णोदकाचीं कुंडें प्रसिद्ध आहेत. परंतु तें पाणी स्नानास ऊन, यंत्र चालविण्यास नव्हे. शेणाच्या गॅसचें साधन मात्र घरोघर होण्याजोगें आहे. चार-पांच जनावरांचें रोजचें पन्नास किलो शेण एका कुटुंबाची चूल चालवितें, आणि शेवटीं उरणारी मळी उत्तम खत म्हणून शेताला मिळते. गोवरी जाळली तर हें खत धुरावाटे जातें. तथापि मोठी शक्ति मिळावयाची ती सूर्यापासूनच. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

येथेंच शेतकऱ्यानें सावध राहिलें पाहिजे. सूर्याला दाम पडत नाहीं, पण जागा लागते. एक मेगावॉटचें केंद्र जमिनीवर उभारावयाचें तर चार-पांच एकर गुंततात. सरकारनें सन २०२३ मध्यें मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला. त्यांत खाजगी जमिनीस हेक्टरीं सव्वा लाख रुपये वार्षिक भाडें आणि त्यावर दरसाल शेंकडा तीन वाढ ठरविली. म्हणजे एकरीं सुमारें पन्नास हजार झाले. पावसाच्या एकाच पिकावर विसंबून असणाऱ्या भातकऱ्यास हा आंकडा मोह घालणारच. वरकस, माळरान, जेथें नाचणीसुद्धां धड येत नाहीं अशी जमीन कोणी या कामीं दिली तर आम्ही त्यास शहाणाच म्हणूं. परंतु पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, गाळ अडवून तयार केलेलें भाताचें खाचर लोखंडाच्या खांबांखालीं घालणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार आहे. भाडें मुदतीनें संपतें. मोडलेलें खाचर पुन्हां उभें करण्यास कांहीं पिढ्या लागतात.

विजेसाठीं शेत गेल्याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. मुंबईच्या गिरण्यांना व दिव्यांना वीज हवी म्हणून मुळशीस धरण झालें. सन १९२१ मध्यें सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला. तरीही भाताचीं खोरीं पाण्याखालीं गेलीं आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें. दिवे एकीकडे लागले आणि अंधार दुसरीकडे पडला. त्या वेळीं पाणी अडविण्यास दुसरी जागा नव्हती असें म्हणतां येई. आज सूर्याच्या विजेबाबत तसें म्हणण्याची सोय नाहीं.

कारण जागा तयारच आहे. माणकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ या गांवांतून हिंडावें. जेथें एके काळीं खाचरें होतीं तेथें गोदामांचीं छपरें दृष्टि पोंचेल तेथपर्यंत पसरलीं आहेत. ती जमीन शेतीच्या कामास आतां येत नाहीं. तिच्यावर पडणारें ऊन मात्र फुकट जात आहे. दहा हजार चौरस फुटांच्या छपरावर सुमारें शंभर किलोवॉटचीं सौर पॅनेल बसतात आणि वर्षाकांठीं लाख-सव्वा लाख युनिट वीज मिळते. अशीं दहा छपरें म्हणजे एक मेगावॉट, म्हणजेच वांचलेलें चार-पांच एकर शेत. शिवाय भिवंडीचे यंत्रमाग शेजारींच आहेत. मागाची मोटर साधारण एका अश्वशक्तीची. भर दुपारीं अशा एका छपरावर शंभरांच्या आसपास माग चालूं शकतील.

यावर आक्षेप निघतील. जुनीं सिमेंटच्या पत्र्यांचीं छपरें हा भार सोसणार नाहींत, हें खरें; तीं आधीं बदलावीं लागतील. परंतु नव्या गोदामाचा सांगाडा आरंभींच तेवढा मजबूत करणें अवघड नाहीं. रात्रीं व पावसाळ्यांत वीज तुटपुंजी पडेल, हेंही खरें. म्हणून जुनी वाहिनी लगेच तोडा असें कोणीच म्हणत नाहीं. भांडवलाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्यास उत्तर सहकाराचें आहे. सन १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं ऊसवाल्या शेतकऱ्यांस कारखान्याचें मालक केलें. आज अनेक साखर कारखाने चिपाडावर वीज करून विकतात. जें उसास साधलें तें उन्हास कां साधूं नये?

म्हणून ज्यांनीं जमिनी गोदामांस भाड्यानें दिल्या आहेत किंवा देणार आहेत, त्यांनीं नवा करार लिहितांना छपराच्या विजेचा हक्क अगर तिच्या उत्पन्नांतील वांटा आपल्याकडे राखून ठेवावा. पॅनेलांचें आयुष्य पंचवीस वर्षांचें असतें. आज सुटलेलें कलम पुढची पिढी भरून काढूं शकणार नाहीं. ज्यांनीं स्वतःच गोदामें बांधलीं आहेत, त्यांनीं गांवोगांव संस्था स्थापून छपरें एकत्र करावींत. आणि ज्यांची शेती शाबूत आहे, त्यांनीं सूर्य आपल्या विहिरीवर राबवावा. सन २०२४ मध्यें सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषि पंप’ योजनेंत शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा, व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानें विसावा हिस्सा भरावयाचा असें ठरलें. भात निघाल्यावर वाल, हरभरा, भाजीपाला यांस पाणी लागतें, आणि ऊनही तेव्हांच कडक असतें.

ऊन छपरानें झेलावें आणि खाचरानें भात पिकवावा, ही विभागणी सरकारनें, गोदामवाल्यांनीं व सर्वांआधीं आपण मान्य केली पाहिजे. जमीन एकदां गेली तेव्हां भाव कळला नव्हता अशी समजूत घालतां येत होती. छपराचा भाव मात्र आज कळलेला आहे.